मधुचंद्राचे बेट

'मधुचंद्र' हा शब्द मराठीत इतका रुळून गेला आहे की तो इंग्रजीवरून अवयवशः उतरवून घेतलेला आहे, याची आठवण आज फारशी कोणास होत नाही. उसन्या आणलेल्या शब्दांच्या बाबतीत पुष्कळदा असे घडते की शब्द घरी येतो आणि त्याच्या अंगचा विनोद वाटेतच गळून पडतो. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रज कोशकारांनी या शब्दाची जी फोड केली आहे तीत मधाइतकाच चंद्रालाही अर्थ आहे. नवपरिणितांची प्रीती आज मधासारखी असली तरी ती चंद्रासारखी पालटल्यावाचून राहणार नाही, असा त्यातला खोचक भाव. आपण मध घेतला, चंद्रही घेतला. त्याची क्षीण होण्याची खोड मात्र घेतली नाही. आपल्या कानांस या शब्दातला चंद्र कोजागिरीचा वाटतो.

लग्नानंतर वधूवरांनी प्रवासास निघावे ही चालदेखील त्या देशात वाटते तितकी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुखवस्तू इंग्रज कुटुंबांतील नवे जोडपे जो प्रवास करी तो बहुधा लग्नास येऊ न शकलेल्या आप्तांच्या भेटीसाठी असे, आणि पुष्कळदा एखादी बहीण किंवा मैत्रीणही त्यांच्यासोबत निघे. आपल्याकडील पाठराखिणीची येथे कोणास आठवण झाली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. आपलीही नवी जोडपी लग्नानंतर प्रवास करीतच होती. तुळजापूरला ओटी भरणे, जेजुरीस जाऊन नवऱ्याने नवरीला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढणे, परत आल्यावर दारी जागरण-गोंधळ घालणे, हा सारा विवाहोत्तर प्रवासच होय. दोन्ही देशांतील या प्रवासांचा हेतू एकच होता. नवे जोडपे देवास, वडीलधाऱ्यांस आणि गावास दाखवावयाचे होते. आजच्या मधुचंद्राचा हेतू याच्या नेमका उलट आहे. जोडप्याने कोणाच्याही दृष्टीस पडू नये, यासाठी तो असतो. दाखविण्याच्या प्रवासाचे लपण्याच्या प्रवासात रूपांतर झाले, आणि हे रूपांतर नीतिदृष्ट्या चांगले की वाईट, हा आमचा पहिला प्रश्न आहे.

आमचे उत्तर आम्ही आडपडदा न ठेवता सांगून टाकतो. ते चांगलेच झाले. आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या पैठणाशी, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी, ज्या 'गाथासप्तशती'चा संबंध जोडला जातो, ती चाळून पाहणाऱ्यास एक गोष्ट लगेच ध्यानात येते. तीतील प्रेमी जनांना प्रेमाची वाण नाही. वाण आहे ती जागेची. सासू आहे, नणंद आहे, शेजारीण आहे, आणि एकांत हवा असेल तर गोदावरीकाठची झाडी शोधावी लागते आहे. दोन हजार वर्षे लोटली तरी आपल्या वाड्यांत फारसा पालट झाला नव्हता. १८७३ साली विवाह होऊन रानड्यांच्या घरी आलेल्या रमाबाईंनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, त्या १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. नवऱ्याने बायकोस लिहावयास वाचावयास शिकविणे एवढ्या निरुपद्रवी गोष्टीसाठी घरातील बायकांचा केवढा जाच सोसावा लागे, ते त्यांत वाचावे. वडीलधाऱ्यांसमोर पतिपत्नींनी एकमेकांशी बोलणे हा उद्धटपणा समजला जाई. शिवाय बोलणार कोण? नवरी दहा-अकरा वर्षांची असे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले, पुढे १९७८ मध्ये ते अठरा आणि एकवीस झाले. तेव्हा कोठे एकमेकांस काही सांगता येईल अशा वयाची माणसे बोहल्यावर उभी राहू लागली. म्हणून मधुचंद्राकडे पाहून 'साहेबी थेर' म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. तो चैनीचा जसा विषय आहे तसा सुधारणेच्या इतिहासातील एक छोटासा विजयही आहे.

एकांताची थोरवी आपल्या वाङ्मयास ठाऊक नव्हती असेही नाही. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त भिंतीवरील चित्रे पाहता पाहता रामास जनस्थानातील रात्री आठवतात. दोघे जवळ पडून काहीबाही बोलत असत, त्या बोलण्याला क्रम नसे, आणि बोलणे संपण्यापूर्वी रात्र मात्र संपून जाई. दांपत्यप्रेमाचे याहून नितळ वर्णन आम्हांस इंग्रजीतही आढळलेले नाही. ही रात्र गोदावरीच्या तीरावरची, म्हणजे आमच्याच मुलुखातली. ती आखलेली नव्हती. राज्य गेलेले, घर सुटलेले, अशा स्थितीत ती पदरात पडली होती. आणि त्या आठवणीतूनच सीतेस पुन्हा त्या वनात जाण्याची इच्छा होते, व ती इच्छाच तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. चंद्राची खोड भवभूतीस पक्की माहीत होती.

आता आखण्याकडे वळू. आमचा एक माजी विद्यार्थी वाळूजच्या एका कारखान्यात अभियंता आहे. वडील कन्नड तालुक्यात कापूस पिकवितात. त्याचे लग्न वैशाखात ठरले आहे. वधू एका बँकेत अधिकारी असून मूळची बीड जिल्ह्यातील आहे. दोघांनी मिळून मॉरिशसला जाण्याचे योजिले, आणि सहा रात्रींचा तो बेत आमच्यापुढे ठेवला, तो काही आमची संमती मिळविण्यासाठी नव्हे. घरात दोन तट पडले होते आणि एका तटाने आमचे नाव साक्षीस घातले होते.

बेत विचारपूर्वक केलेला होता, यात शंका नाही. चिकलठाण्याच्या विमानतळावरून परदेशी विमान सुटत नाही, तेव्हा आधी मुंबई गाठावयाची. तेथून सुमारे सहा तासांत हिंदी महासागर ओलांडून ते बेट. भारतीयांस तेथे आगाऊ प्रवेशपत्राची यातायात नाही. घड्याळ दीड तास मागे लावले की झाले. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आमच्याकडे वैशाखवणवा पेटलेला असतो तेव्हा तेथे सौम्य हिवाळा लागतो; मार्गशीर्ष-पौषात लग्न करून जाणारांच्या वाट्यास मात्र चक्रीवादळांचा हंगाम येतो. २०२४ च्या जानेवारीतील 'बेलाल' वादळ पुष्कळांच्या स्मरणात असेल. मालदीवचाही विचार झाला होता. तेथे पर्यटन १९७२ मध्ये सुरू झाले ते एका बेटावर एकच विश्रामधाम या पद्धतीने, म्हणजे जेथे वस्ती तेथे पाहुणे नाहीत आणि जेथे पाहुणे तेथे वस्ती नाही. पण २०२४ च्या आरंभी दोन देशांत जी बोलाचाली झाली, तीत कित्येक भारतीय जोडप्यांनी तेथील बेत रद्द करून देशभक्ती सिद्ध केली, तेव्हापासून वराच्या मनात ती अढी राहून गेली. मधुचंद्रासही परराष्ट्रनीती सुटत नाही, हे वाचून भवभूतीस हसू आले असते.

वडिलांच्या तटाचे म्हणणे असे की लग्नानंतर आधी तुळजापूर, मग काय हवे ते. आणि साडेतीन लाख रुपये सहा दिवसांत समुद्राच्या पाण्यात घालविणे हा शुद्ध मूर्खपणा होय. यातील पहिली गोष्ट त्या दोघांसही मान्य होती. दुसरीविषयी आम्हांस थोडे बोलणे भाग पडले. हजार पानांचे जेवण, मंडप, वाजंत्री, घोडा, आहेराची लुगडी यांवर जो खर्च ठरला होता तो या साडेतीन लाखांच्या दुपटीहून अधिक होता, आणि त्यातील बराचसा सावकारी कर्जाचा होता. मराठवाड्यात लग्नाच्या कर्जापायी जमिनी गेल्याच्या कथा घरोघर आहेत. मधुचंद्राच्या कर्जापायी एकरभर जमीन गेल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही. गावास जेवू घालण्यासाठी काढलेले कर्ज प्रतिष्ठेचे, आणि दोघांच्या सुखासाठी काढलेले कर्ज उधळपट्टीचे, हा न्याय आम्हांस पटत नाही. तथापि 'आता फिरा, नंतर फेडा' असे सांगत दारोदार फिरणाऱ्या नव्या सावकारांचेही आम्ही वकीलपत्र घेणार नाही. सुखाचा शेवटचा दिवस संपून चोवीस महिने झाले तरी ज्या सुखाचा हप्ता जातच राहतो, ते सुख भोगताना मनाच्या एका कोपऱ्यात आकडेमोड चालू राहावयाचीच. हा विद्यार्थी शहाणा; त्याने हप्त्याचा मार्ग धरला नाही, पाने हजारावरून तीनशेवर आणण्याचा हट्ट धरला. भांडण पेटले ते तेथे. विमानाच्या धुरामुळे पृथ्वीच्या उष्णतेत पडणाऱ्या भरीचा प्रश्नही कोणी काढील. तो खरा आहे, परंतु जन्मात एकदा विमानात बसणाऱ्या जोडप्यापुढे तो प्रथम मांडावा असे आम्हांस वाटत नाही.

पण बेटच का? महाबळेश्वर आहे, कोकण आहे, आणि दौलताबादेपलीकडे आमचे म्हैसमाळ आहे, जेथे पावसाळ्यात ढग अंगावरून जातात. याचे एक उत्तर आमच्या मुलुखाच्या भूगोलात आहे. मराठवाड्यास समुद्र नाही. आमच्या शहराने पैठणचे जायकवाडी धरण उशाशी असून नळास आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याची वर्षे काढली आहेत. बाहेरच्या तालुक्यांनी टँकरची. अशा भूमीत वाढलेल्या मनास सुखाचे चित्र काढावयास सांगितले तर ते पाणीच काढणार, आणि तेही चोहोंकडे, मोजदाद न करता वापरावयाचे. काश्मीरच्या बर्फाहून बेटाची ओढ आमच्याकडील तरुणांस अधिक का, याचे आम्हांस यात मर्म दिसते. यात उथळपणा काहीच नाही.

दुसरे उत्तर युरोपातून आलेले आहे, आणि योगायोग असा की ते याच बेटातून आले. बेर्नार्दे द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाची 'पोल आणि व्हर्जिनी' ही कादंबरी १७८८ मध्ये प्रसिद्ध झाली. मॉरिशस त्या काळी फ्रेंचांकडे असून 'इल द फ्रान्स' म्हणून ओळखले जाई. त्या बेटावर समाजापासून दूर वाढलेल्या दोन निष्पाप जीवांच्या प्रेमाची ही कथा साऱ्या युरोपाने अश्रू ढाळीत वाचली, आणि उष्ण कटिबंधातील बेट म्हणजे निर्मळ प्रेमाचे माहेर, ही कल्पना सुशिक्षित जगाच्या मनात ठसविण्यात तिचा वाटा मोठा आहे. आज विश्रामधामांच्या चित्रमय पत्रिकांत जे माड आणि जी रिकामी वाळू दिसते, तिची वंशावळ शोधीत गेल्यास आपण या पुस्तकापाशी पोहोचतो. मात्र त्या कादंबरीत एक प्रसंग आहे, आणि तो वाचकांच्या स्मरणातून निसटला. मालकाच्या छळास कंटाळून पळालेली एक गुलाम स्त्री या मुलांच्या दारी येते. व्हर्जिनी तिला खाऊ घालते आणि ब्लॅक रिव्हरच्या काठी राहणाऱ्या मालकाकडे स्वतः नेऊन तिच्यासाठी क्षमा मागते. मालक क्षमेचा शब्द देतो, मुले परततात, आणि त्या स्त्रीस शेवटी शिक्षा होतेच. जगाने पोल आणि व्हर्जिनीचे प्रेम लक्षात ठेवले. ती स्त्री विसरली गेली. बेटावरील सुखाची जी रीत पुढे पडली ती अशी आरंभापासूनच विसरण्यावर उभी आहे.

त्याच ब्लॅक रिव्हर परगण्यात समुद्रात घुसलेला ल मोर्न नावाचा कडा आहे. पळून आलेले गुलाम या कड्यावर आश्रयास राहत. १८३५ च्या फेब्रुवारीत गुलामगिरी रद्द झाल्याची वार्ता सांगावयास शिपाई वर चढू लागले, तेव्हा आपणांस धरावयासच ते येत आहेत असे समजून कित्येकांनी खाली उड्या घेतल्या, अशी लोककथा तेथे सांगतात. २००८ पासून हा कडा जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या पायथ्याच्या वाळूवर आज उंची विश्रामधामे आहेत, आणि गुलामांच्या वस्त्यांतून जन्मलेले 'सेगा' नृत्य तेथे रात्रीच्या जेवणाबरोबर पाहुण्यांस दाखविले जाते.

गुलामगिरी गेली, ऊस मात्र राहिला. तो तोडावयास माणसे हवी होती. १८३४ च्या नोव्हेंबरात 'अॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर उतरले, आणि पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत करारावर नेलेल्या हिंदी मजुरांची संख्या पाच लाखांच्या जवळपास गेली. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या दगडी पायऱ्या चढून ही माणसे वर येत, त्या आजही 'आप्रवासी घाट' म्हणून जपल्या आहेत. कलकत्ता आणि मद्रास यांच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले थोडे, पण गेले. रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे मराठी लोक. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते, कोकणची जाखडी तेथे झाकरी होऊन नांदते, आणि गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते. करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावा, अशी रीत होती. स्त्रिया पुरुषांच्या मानाने फार थोड्या. आणि धर्मविधीने झालेल्या विवाहास नोंदणीवाचून सरकारदरबारी किंमत नसे. म्हणजे ज्या बेटावर आमचे जोडपे लग्नाचा सोहळा पुरा करावयास निघाले आहे, तेथे त्यांच्याच भाषेतील माणसांची लग्ने लग्ने म्हणून धरली जात नव्हती.

समुद्रापलीकडचा हा इतिहास आमच्या शहरास वाटतो तितका परका नाही. ज्या मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली, आणि जिची पुढे फतेहनगर, औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर अशी नावे झाली, तो हबशाण देशातून गुलाम म्हणून विकला जाऊन याच महासागराच्या वाटेने दख्खनेत आला होता. आमच्या काही वेशी आणि नहरी एका विकल्या गेलेल्या माणसाने बांधल्या. बीबीच्या मकबऱ्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढविणारी जोडपी ती वास्तू प्रियेसाठी बांधली असे समजतात. ती मुलाने आईसाठी उभारली आहे. सुंदर स्थळांच्या बाबतीत आपला विसर हा असा सोयीचा असतो.

येथे कोणी आक्षेप घेईल की असा हिशेब मांडू लागल्यास घासही घशाखाली उतरावयाचा नाही. चहाच्या पेल्यामागे मळेवाला आहे, साखरेमागे ऊसतोड्या आहे. मग बिचाऱ्या मधुचंद्रानेच काय घोडे मारले? आक्षेपात तथ्य आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या दुःखाचे ओझे आजच्या नवरीच्या शालूवर टाकावे, असे आम्हीही म्हणणार नाही. त्या बेटावरील आजचे लोक स्वतंत्र देशाचे नागरिक आहेत, १९६८ पासून आपले राज्य आपण चालवितात, आणि पाहुण्यांच्या पैशावर त्यांच्यापैकी कित्येकांची चूल पेटते. न जाण्याने त्यांचे कल्याण होईल असे नाही.

आमची अडचण निराळी आहे. चहा पिणे आणि मधुचंद्रास जाणे या दोन क्रियांत एक भेद आहे. चहा पिताना आपण काही शिकत नसतो. मधुचंद्रास माणसे जातात ती एका माणसास ओळखू लागण्यासाठी. आयुष्यभर पुरणारी एक दृष्टी त्या दिवसांत घडावयाची असते. दुसऱ्याला काय हवे, तो कशाने थकतो, न बोलता काय बोलतो, हे पाहण्याची ती पहिली तालीम होय. आणि विश्रामधामाची सारी रचना याच्या नेमकी विरुद्ध असते. पलंगावर फुलांच्या पाकळ्यांचे हृदय काढलेले आढळते. ते कोणी काढले हे दिसत नाही. आपण न्याहारीस जातो, परततो, तोवर अंथरूण घडी घातलेले, न्हाणीघर पुसलेले, पेले विसळलेले. सेवा दिसावी आणि सेवक दिसू नये, ही त्या धंद्याची परमावधी आहे. सहा दिवस डोळ्यांना ही सवय लागते. सातव्या दिवशी वाळूजच्या दोन खोल्यांत पेले विसळावयाचे असतात, आणि ते कोणी एकच विसळू लागते; बहुधा कोण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. एका घरात न पाहण्याचे शिक्षण घेतलेले डोळे दुसऱ्या घरात आपोआप पाहू लागतात, असे आम्ही मानीत नाही. माणसाकडे लक्ष देण्याची शक्ती ही नवरीसाठी एक आणि नोकरासाठी दुसरी, अशी दोन प्रकारची नसते.

एकांताविषयीही असेच. त्यासाठी हजारो किलोमीटरांवर गेलेली जोडपी रोज सायंकाळी आपली छायाचित्रे शंभर-दोनशे नातलगांस आणि परिचितांस धाडतात, आणि कोणी काय म्हटले ते रात्री वाचतात. गावाची नजर त्यांनी सामानात बांधून आणलेली असते. जेजुरीच्या पाच पायऱ्यांवर खंडोबापुढे दाखविणे निदान तेवढ्यापुरते होते.

हे सारे आम्ही त्या दोघांपुढे मांडले, आणि मांडताना मराठवाड्याचे उदाहरण घेतले. मॉरिशसमधील ऊस दूरचा वाटत असेल तर बीडचा ऊस जवळचा आहे. तेथून दसरा-दिवाळीनंतर लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणून हंगामापूर्वी लग्ने उरकण्याची घाई होते, आणि कित्येक नव्या जोडप्यांचा पहिला प्रवास हा बैलगाडीतून किंवा ट्रकमधून फडाकडे होतो. पाचटाची वा ताडपत्रीची कोपी हेच त्यांचे विश्रामधाम. एक दिवस आजारपणात गेला तर 'खाडा' म्हणून पैसे कापतात. पोर्ट लुईच्या करारातील ती दोन दिवसांची कपात नाव बदलून येथे नांदते आहे. संसाराचा आरंभ कोयता म्हणून करणारी माणसे एकीकडे, आणि पाकळ्यांवर करणारी दुसरीकडे; निदान दुसऱ्यांनी पहिल्यांस डोळ्यांआड करू नये, एवढेच आमचे म्हणणे होते.

वर मान हलवीत होता. वधू इतका वेळ काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "सर, माझे आई-वडील एकोणीस हंगाम कोयता होते. मी दोन वर्षांची होईतो कोपीतच वाढले. पुढे आजीकडे राहिले, मग वसतिगृहात. खाडा म्हणजे काय ते मला समजावून सांगायला नको. मला तिथे जायचंय ते हे विसरायला नव्हे, पण सहा दिवस माझा पेला कोणीतरी दुसऱ्यानं विसळावा, एवढं मला हवंय. आईचा कधी कोणी विसळला नाही."

या बोलण्याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. न पाहणे हा दोष आहे, हे आमचे मत कायम आहे. परंतु ज्याने आयुष्यभर पाहिले, आणि पाहण्यावाचून ज्यास गत्यंतरच नव्हते, त्याचे क्षणभर डोळे मिटणे आणि ज्याने कधी पाहिलेच नाही त्याचे डोळे मिटणे, या दोहोंस एकच नाव देता येईल काय? विश्रांती आणि विस्मृती यांतला भेद नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आम्हांस फारसा आढळला नाही. सुखाचे शास्त्र लिहिणारे बहुधा अशा घरांतले होते, जेथे पेले विसळण्यास कोणीतरी असे. त्यांनी वैराग्याविषयी लिहिले, संयमाविषयी लिहिले. थकलेल्या माणसाच्या पहिल्या सुटीविषयी लिहिण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा. त्या मुलीच्या मागणीत दुसऱ्यावर हुकमत गाजविण्याची हौस यत्किंचितही नव्हती. ज्या कामाची किंमत तिला पै-पैसह ठाऊक आहे, ते काम सहा दिवस आपल्या माथी नसावे, एवढेच ती मागत होती. आणि तो पेला विसळणारी बाई तिला दिसल्यावाचून राहील, असे आम्हांस तरी वाटत नाही. प्रश्न उरतो तो वराचा. त्याच्या घरी कापूस आहे, ऊस नाही. त्याने आजवर स्वतःचा पेला कितीदा विसळला, हे आम्ही विचारले नाही. तिने विचारले असावे, कारण तो एकाएकी खाली पाहू लागला.

पाने अखेर चारशेवर ठरली, आणि तुळजापूरचा दिवस विमानाच्या आधी धरला आहे. उतरावयाचे विमानतळ बेटाच्या आग्नेयेस प्लेझान्स येथे आहे आणि त्यांचे विश्रामधाम पश्चिम किनाऱ्यावर. ही जागा निवडताना वधूने नकाशा पाहिला नव्हता, कारण किनारे सगळे सारखेच सुंदर दिसत होते. त्या बेटावरील तोडणी साधारण जूनमध्ये सुरू होते. ही दोघे पोहोचतील तेव्हा ती सुरू झालेली नसेल, आणि विमानतळापासून किनाऱ्यापर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पुरुषभर उंच वाढलेला ऊस उभा असेल.